थर्मोपिलीत फक्त तीनशे नव्हते

रविवारच्या पुरवणीतील थर्मोपिलीच्या लढाईवरील लेखात ‘पन्नास लाख इराण्यांना रोखणारे तीनशे स्पार्टन’ असे चित्र रंगवले आहे. त्याला हरकत नोंदवावीशी वाटते. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी स्वारीपुढे ग्रीसमधील थर्मोपिलीची खिंड अडवणारे ग्रीक पाच हजारांहून अधिक होते. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्यांची नगरवार यादीच दिली आहे. पिछाडीची डोंगरवाट शत्रूला सापडल्यावर ग्रीकांचा सेनापती, स्पार्टा नगराचा राजा लिओनिदास याने बहुतेकांना माघारी पाठवले, तेव्हा थेस्पिया या लहानशा नगराचे ७०० जण स्वेच्छेने मागे थांबले आणि स्पार्टनांबरोबर कामी आले. पुढे इराण्यांनी त्यांचे नगरही जाळले. खिंडीपाशी त्यांचे स्वतंत्र स्मारक व्हायला १९९७ साल उजाडावे लागले!

पन्नास लाखांचा आकडा हिरोडोटसचाच, नोकरचाकर धरून. पण एवढ्यांना रोज धान्य कसे पुरले, याचे नवल त्यालाही वाटले होते. आजचे अभ्यासक तो आकडा मानत नाहीत. म्हणून लढाईच काल्पनिक ठरत नाही. १९३९ मध्ये ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांना तेथील कोलोनोस टेकडीवरच्या उत्खननात इराणी धाटणीची बाणांची टोके मोठ्या संख्येने मिळाली. अखेरची झुंज टेकडीवर झाली, या हिरोडोटसच्या वर्णनाशी ती जुळतात. दंतकथा जरूर सांगावी, पण ती दंतकथा म्हणून. लेखमालेच्या पुढील भागात थेस्पियाच्या त्या ७०० जणांना चार ओळी तरी द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, सातारा