तयाना घ्यावी की क्रीलॉक? आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, आम्ही घेऊ पाहतोय त्या दोन्ही शिडाच्या बोटी सदतीस फुटी, दोन्ही मागूनही निमुळत्या, मग एवढा कीस कशाला पाडताय? कागदावर दोघींची जातकुळी खरंच एकच दिसते. तयाना 37 ही रॉबर्ट पेरी यांच्या आराखड्यावर तायवानमध्ये बांधलेली. क्रीलॉक 37 कॅलिफोर्नियाच्या पॅसिफिक सीक्राफ्टची. वजन 10.2 टन आणि 7.3 टन. पाण्यावरची लांबी 31 फूट आणि पावणेअठ्ठावीस. शिडं 861 चौरस फूट आणि 619. वजन आणि लांबीचं गुणोत्तर, म्हणजे लांबीच्या मानाने बोट किती जड, ते तुम्ही काढणारच, तर ते दोघींचं 335च्या आसपास येतं. शिडांचा हिशेब तयानाच्या बाजूने जातो. घर म्हणूनही तीच ऐसपैस: पाण्याची टाकी मोठी, डिझेल जवळजवळ 380 लिटर, कपाटंच कपाटं, सगळीकडे सागवान. आईला फोटोत तीच आवडली, त्यात नवल नाही.

तरीही आमचा कल क्रीलॉककडे आहे, आणि कारण त्या सागवानातच आहे.

डोलकाठीच्या तारा बोटीला जिथे धरलेल्या असतात, त्या स्टीलच्या पट्ट्यांना चेनप्लेट म्हणतात. तयानात त्या डेकमधून आत जातात आणि कपाटांच्या मागे बोल्टने बसवलेल्या असतात. डेकला जिथे भोक आहे तिथलं सीलंट सुकलं की पाणी झिरपतं आणि तिथेच साचून राहतं. स्टेनलेस स्टील उघड्या हवेत सहसा गंजत नाही, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर पातळ थर टिकून राहतो. साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन संपतो, थर जातो आणि भेग आतल्या आत वाढते. वरून पट्टी आरशासारखी चकचकीत. डेकच्या रेषेत तांबूस डाग दिसला तर समजायचं, पण तो बघायला आधी कपाट उचकटावं लागतं. पट्टी तुटली तर डोलकाठीच जाते. क्रीलॉकच्या चेनप्लेट बोटीच्या अंगावर, बाहेरून आहेत. रोज सकाळी डेकवरून वाकलं की दिसतात, पाना घेऊन एकेक बोल्ट काढून तपासता येतो. याची किंमतही आहे म्हणा. तारा बाहेर गेल्यामुळे पुढचं मोठं शीड फार आत ओढता येत नाही, आणि वारा समोरून असताना बोटीला थोडा जास्त तिरका रस्ता घ्यावा लागतो.

डिझेलच्या टाकीचंही तसंच. जुन्या तयानात ती लोखंडी आणि नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, झोपायच्या जागेखाली. डेकची गळती टाकीच्या माथ्यावर साचते, त्यामुळे टाकी वरून गंजते. ती काढायची तर बहुधा तिथेच कापून, तुकड्यांनी. भरलेली असेल तेव्हा सव्वातीनशे किलो वजन टोकाला, म्हणजे चार माणसं कायमची नाळेवर बसवल्यासारखी, आणि समोरच्या लाटेत बोट नाक खुपसते. बऱ्याच मालकांनी टाकी मध्यभागी हलवलीय. अशी एखादी मिळाली तर मी पुन्हा विचार करीन. सागवानी डेक असेल तर आणखी एक दुखणं: फळ्या शेकडो स्क्रूंनी ठोकलेल्या, आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे डेकच्या पोटात पाणी जायची एक वाट. प्लास्टिकच्या हातोडीने डेक ठोकत जायचं. टणक आवाज आला तर बरं. भद्द आवाज आला की आतला गाभा कुजलाय. नारळ वाजवून बघतो ना, तसंच.

उलटेल का, हा आईचा प्रश्न. क्रीलॉकच्या तळाला सुमारे 2,800 किलो शिसं बोल्टने लावलेलं आहे, एकूण वजनाच्या 39 टक्के. तयानाचं 3,300 किलो बीड फायबरच्या आत बंद, 33 टक्के. शिसं बिडापेक्षा जड, म्हणून तेवढंच वजन आणखी खाली बसतं. आडवी झाली तर तिला उठवणारं ते वजन. बंद बिडाला बोल्टची काळजी नाही हे खरं, पण खडकावर आपटून फायबरला चीर गेली की बीड गंजून फुगतं, आणि तिथे हात पोचत नाही.

क्रीलॉकमध्ये आम्हाला खटकतं ते सामान. हलकी बोट टनभर ओझ्याने लगेच खाली बसते आणि सुस्तावते. तयानाला ते कमी जाणवतं. डिझेल क्रीलॉकमध्ये दीडशेच लिटर. तासाला तीन लिटर धरले तर इंजिनावर पन्नास तास, साडेपाच नॉटने, म्हणजे तासाला साडेपाच सागरी मैलांनी, 275 सागरी मैल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉरफोकहून बर्म्युडा बेटच साधारण 650 मैल आहे, म्हणजे वारा पडला तर वाट बघायची. वर्षभर एकाच धक्क्याला बांधून राहायचं असतं तर मी डोळे मिटून तयाना घेतली असती.

कोणतीही घेतली तरी दोन कामं आधी. तारा दहा-बारा वर्षांपेक्षा जुन्या असतील तर सरसकट बदलायच्या, दिसायला कितीही चांगल्या असोत. आणि गॅसचा सिलिंडर वेगळ्या कप्प्यात, ज्याच्या तळाचं भोक थेट बाहेर उघडतं. हा गॅस हवेपेक्षा जड. आत गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि ठिणगीची वाट बघतो.

तुम्ही दोघं याल ते नोव्हेंबरनंतरच या, इथला वादळांचा मोसम नोव्हेंबरअखेर संपतो. आई, आत उतरायची शिडी उभी आहे. शिडीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी धरून उतरायचं, तेवढं गुडघे सांभाळतील. मधल्या बाकावर झोपायचं. बोट तिथे सगळ्यात कमी हलते, आणि कडेला कापडाची झोळी बांधतात, त्यामुळे पडायला होत नाही. बोट कलली तरी शेगडी झुलून सपाट राहते, तरीही भात-आमटी कुकरमध्येच करणार, कारण झाकण लागलेलं भांडं कलंडलं तरी सांडत नाही. तीन लिटरच्या कुकरच्या दोन रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह येताना आण. इथे त्या मापाचे मिळत नाहीत.

तुमची,
धाकटी