लागली म्हणजे कुठं लागली?

निपाणी
रविवार दुपार

चि. बाळीस,

आईचे अनेक आशीर्वाद.

परदेशातल्या लोकांना द्यायला लिहिलेली तुझ्या परिचयाची दोन पानं तू मोबाइलवर पाठवलीस, ती तुझ्या भावानं मला मराठीतून सांगितली. मग मी त्याला पुन्हा वाचायला लावली. तू विचारलेली सालं शेवटी लिहिते. पण पहिल्याच वाक्यावर माझं म्हणणं आहे. मेंदूच्या अभ्यासाची ओढ तुला एमएस्सीला असताना लागली, असं तू लिहिलंयस. तसं नाही गं. ती लागली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस.

दिवाळी होऊन गेली होती. आम्ही सातजणी तंबाखूचे फुटवे काढत होतो आणि शाळेला सुट्टी म्हणून तू बांधावर बसली होतीस. दवानं पानं निथळत होती, माझं लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं. दहाच्या सुमाराला मला गरगरायला लागलं आणि मी तिथंच ओकले. बायका म्हणाल्या, "तंबाखू लागली हिला," आणि मला झाडाखाली निजवलं. आमच्यात ते नवीन नव्हतं. नव्या सुनेला हमखास लागायची. पण तू माझ्या उशाशी येऊन विचारलंस, "आई, लागली म्हणजे कुठं लागली?" मी म्हटलं, पोटात. तर तू म्हणालीस, "पण तू खाल्लीच नाहीस की!"

मी तुला गप्प बसवलं. उत्तर मला ठाऊकच नव्हतं.

ते उत्तर तू मला दिलंस वीस वर्षांनी, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, भाकरी थापता थापता. पीएचडीला लागून तुला तीन महिनेसुद्धा झाले नव्हते आणि प्रयोगशाळा बंद पडली होती. तू सांगितलंस की पानावरच्या दवात निकोटिन उतरतं, भिजल्या कातडीतून रक्तात जातं आणि रक्तातून मेंदूत. पोट ढवळतं खरं, पण ओकायचा हुकूम मेंदूच्या तळाकडच्या भागातून सुटतो. आणि मग केंब्रिजच्या जॉन लँग्लींची गोष्ट सांगितलीस. त्यांनी कोंबडीच्या स्नायूवर निकोटिन घातलं, स्नायू आखडला. मग स्नायूकडे येणारी नस तोडली, ती पुरती मरू दिली, आणि पुन्हा निकोटिन घातलं. तरी स्नायू आखडलाच. म्हणजे निकोटिन नसेला लागत नव्हतं, स्नायूतच त्याला धरणारं काहीतरी होतं. 1905 साली त्यांनी ते छापलं. मी भाकरी उलटायची विसरले, ती करपली, आठवतंय? मला एवढंच दिसत होतं की इतका शिकलेला माणूसही तेच विचारत होता, लागली म्हणजे कुठं लागली.

आता त्या जागेला शास्त्रात निकोटिनचंच नाव आहे म्हणतेस. पाच पाकळ्या गोल उभ्या आणि मधे वाट, असं तू पिठात बोटानं काढून दाखवलं होतंस. दार आपल्या शरीरात नसांचा निरोप नेणाऱ्या असिटाइलकोलीनसाठी केलेलं, आणि तंबाखूच्या झाडातली किल्ली त्याला बरोबर बसते. त्या एका दारावर तू पाच वर्षं काढलीस. मग हा अभ्यास एमएस्सीला सुरू झाला असं कसं लिहितेस?

भाऊ म्हणाला, तंबाखूचं नाव मुद्दाम टाळलं असेल, परदेशातल्या लोकांना ते बरं दिसणार नाही. तसं असेल तर मला वाईट वाटेल. तंबाखूनं माणसं मरतात हे मला कुणी शिकवायला नको, माझ्या सख्ख्या मामाचा गाल कापलेला मी पाहिलाय. पण याच पिकाच्या भावासाठी 1981 साली इथले शेतकरी बैलगाड्या घेऊन हायवेवर बसले होते आणि गोळीबारात त्यातले काही गेले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. वखारीत जर्दा चाळून मी तुझी फी भरली. कितीही हात धुतले तरी घास कडू लागायचा, म्हणून तुला मी चमच्यानं भरवायची. हे सगळं तुझ्या अभ्यासाच्या बाहेरचं आहे असं मला वाटत नाही.

आजीची मशेरी घे. ती सुटत नाही म्हणून मी तिच्यावर किती चिडायची! तू समजावलंस की निकोटिन रोज येत राहिलं की ती दारं गपगार पडतात, आणि मेंदू आणखी दारं उभी करतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या मेंदूत ती जास्त सापडलीत. मशेरी बंद केली की तेवढी सगळी दारं निकोटिन मागायला लागतात, मग डोकं दुखतं, चिडचिड होते. त्या दिवसापासून मी आजीला हट्टी म्हणायचं सोडलं. डबी तिनं अजून सोडलेली नाही, पण दिवसातून चार वेळाची आता दोनदा लावते. हे काम तुझ्या कुठल्या पेपरात येणार नाही, म्हणून मी इथं लिहिते.

दुसरी गोष्ट, 2017 ते 2019. तिथं तू "वैयक्तिक कारण" लिहिलंयस. कारण माझं ऑपरेशन होतं. तू सकाळी शाळेत विज्ञान शिकवायचीस, दुपारी मला दवाखान्यात न्यायचीस आणि रात्री नेट परीक्षेचा अभ्यास करायचीस. दोनदा जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, थोडक्यात हुकली, तिसऱ्यांदा मिळाली. महिना 31,000 रुपये मिळणार हे ऐकून तुझे बाबा कॅलेंडरमागे आकडा लिहून बसले होते. तेव्हा "आईच्या आजारपणात घरी होते, शिकवत होते, परीक्षा देत होते" असं सरळ लिही. आजारी मी होते आणि माझी हरकत नाही.

बंगळूरच्या निम्हान्सचं, त्या मेंदूच्या दवाखान्याचं, नाव पहिल्या पानावर घेतलंस ते बरं केलंस. तिथल्या संग्रहालयात माझ्या हातात खरा मेंदू ठेवला होता, ते मी इथं सगळ्यांना सांगत असते. फॉर्मलिनचा वास नाकात झोंबत होता. तंबाखूच्या पेंढ्या उचललेल्या हाताला ते वजन काहीच नव्हतं, सव्वा-दीड किलोच्या आतबाहेर. पण मी दोन्ही हात जोडून धरला. तो कुणाच्या तरी घरच्या माणसाचा होता.

आता तुझी सालं. दहावी 2010, मराठी माध्यम, कर्नाटक बोर्ड. बारावी 2012, कोल्हापूर बोर्ड. दोन राज्यांची दोन बोर्डं कशी, असं कुणी विचारलं तर सांग की घर निपाणीत आणि देवचंद कॉलेज अर्जुननगरला. चालत जाण्याएवढं अंतर, पण तालुका कागल आणि जिल्हा कोल्हापूर. तिथंच बीएस्सी 2015. एमएस्सी शिवाजी विद्यापीठ, 2017. जन्मगावापुढे तू नुसतं "कर्नाटक" लिहिलंयस. त्याआधी निपाणी लिही.

दहावीचं मूळ मार्कलिस्ट लोखंडी पेटीत सापडलं. भाऊ उद्या त्याचा फोटो पाठवेल. कोपऱ्यावर काळा डाग आहे, तो माझ्या हाताचा. स्कॅन करताना घालवता आला तर बघ, नाही तर राहू दे.

तुझी,
आई