पाचवड फाट्याच्या वडापवाल्या मामांना, सांगलीच्या पोरीकडून

मामा, साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "नाव-बिव नको टाकू गं, आरटीओवाले हुडकत येतील," असं तुम्हीच म्हणाला होता. पण पाचवड ते वाई रस्त्यावर तुम्हाला ओळखत नाही असा माणूस विरळा. त्यातलं कुणीतरी गाडीत बसल्या बसल्या हे वाचून दाखवेलच.

पाठीवर गादीएवढं बाचकं घेऊन पाचवडला एसटीतून उतरायची ती मी. त्या बाचक्यामुळे किती गाड्यांनी मला फाट्यावर उभं ठेवलं याचा हिशोब नाही. "बोजा हाय, जागा न्हाय," म्हणायचं आणि पुढे जायचं. टपावर टाकायला काहीजण तयार असायचे, पण टपावर कधी बॅटरी, कधी डिझेलचा कॅन. बाचक्यात माझा पॅराग्लायडर, म्हणजे हवेत उडायची छत्रीसारखी कापडी घडी. ग्लायडरचं कापड नायलॉनचं असतं. बॅटरीचं अ‍ॅसिड लागलं की ते गेलंच. हे फाट्यावर उभं राहून कुणाला समजावणार? तुम्ही एकदाच विचारलंत, "टपावर चालंल का?" मी नको म्हटल्यावर मधल्या सीटवर एका पॅसेंजरची जागा मोडून ते आत घेतलंत. मागची आजी कुरकुरली, तर म्हणालात, "आज्जे, पोरीचं इमान हाय त्यात."

त्याच प्रवासात तुम्ही माझ्या लंगडण्याबद्दल विचारलंत. डॉक्टर सोडून तोवर दुसऱ्या कुणी ते विचारलं नव्हतं. नातेवाईक विचारायचे ते वेगळं, "आता तरी सुटलं का ते खूळ?"

खूळ म्हणा, छंद म्हणा. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. आमच्या घरात हवेत उडणं म्हणजे पैसे उडवणं. नवीन ग्लायडर, हार्नेस म्हणजे बसायचा पट्टा, अडचणीत उघडायचं रिझर्व्ह पॅराशूट ही सगळी लाखांची भाषा, म्हणून पगारातून साठवून जुना ग्लायडर घेतला. कापडातून हवा किती झिरपते, दोऱ्या ताणल्या गेल्यात का, हे सगळं तपासून घेतला. शिकायची फी मात्र जिथे भरली, तिथे माणसं तपासायचं राहून गेलं. कुठे, ते सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

पाय कसा मोडला ते तुम्हाला गाडीत सांगितलं होतं, इथे वाचणाऱ्यांसाठी पुन्हा सांगते. ग्लायडर हवेत साधारण ताशी ३५ किलोमीटरने चालतो. उतरताना समोरून १० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीच्या हिशोबाने वेग उरतो २५. तोच वारा पाठीमागून आला तर होतो ४५. म्हणून उतरायचं ते वाऱ्याला तोंड करून. आता वारा काही डोळ्यांना दिसत नाही. तो दिसावा म्हणून उतरायच्या जागी विंडसॉक लावतात, वारा भरला की फुगणारी कापडी पिशवी. त्या दिवशी खाली ती नव्हती. "तुटलीय, आणायचीय," एवढंच उत्तर. वॉकीटॉकीवरून दिशा सांगणारा दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होता. वारा पाठीवर घेऊन मी ढेकळांत आदळले आणि घोट्याचं हाड गेलं. नंतर फोन केला तर पायाचं राहू द्या, पहिलं वाक्य हे, "फॉर्मवर सही केली होतीस ना?" दुसरं, "तुझ्यात तो दमच नाही." त्यानंतर फोन उचलणंच बंद.

हे सगळं ऐकून तुम्ही गिअर बदलत एवढंच म्हणालात, "मग एखादं फडकं लावायला काय झालतं त्यास्नी?"

मामा, प्लास्टरमध्ये पडून मी स्वतःला हजार गोष्टी विचारल्या होत्या. हा प्रश्न विचारायचं सुचलं नव्हतं. तो ज्यांना विचारायचा, ते चांगलं कमावतात, चांगल्या गाड्यांतून फिरतात. आणि तो विचारला कुणी, तर ज्याच्या गाडीचा डावा दरवाजा सुतळीने बांधलाय त्या माणसाने.

पाय बरा झाल्यावर पाचगणीच्या कड्यावरून पुन्हा एकटीने उडायचं ठरलं, तेव्हा खाली शेतातून मला घ्यायला याल का, असं तुम्हाला विचारलं होतं. दुपारी ऊन तापलेलं असताना हवा फार उसळते, म्हणून संध्याकाळची वेळ धरली. वरून सोडायला ओळखीचा एक पायलट, म्हणजे ग्लायडर उडवणारा, होता. कड्यावरून पाय सुटले आणि पोटातली भीती कुठल्या कुठे गेली. एका बाजूला धोम धरणाचं पाणी, खाली कृष्णाकाठचे उसाचे फड, बरोबरीने एक घार. मजा उतरायच्या वेळेपर्यंत टिकली. निघताना वारा खोऱ्यातून वर येत होता, म्हणून मी त्याच हिशोबाने शेताकडे वळले. तेवढ्यात बांधाजवळ गुलाबी काहीतरी फडफडताना दिसलं. उलट्या दिशेला.

ऊन उतरलं तसा वारा फिरला होता. मी उंची राखून अजून एक वळण घेतलं, फडफडणाऱ्या गुलाबी कापडाच्या हिशोबाने वाऱ्याला तोंड केलं, शेवटी दोन्ही ब्रेक खाली ओढले आणि दोन पावलं चालत थांबले. नुसती चालत, मामा. त्याच पायावर.

जवळ आल्यावर दिसलं. शेतमालकाला विचारून तुम्ही एक अख्खा ऊस तोडला होता, वाढं छाटून टाकलं होतं, शेंड्याला टॉवेल बांधून ऊस बांधावरच्या दगडांत रोवला होता. टॉवेल नवा कोरा, घड्यांच्या खुणा तशाच, कोपऱ्यात हळदीचा डाग. लग्नाच्या आहेरात आलेली टॉवेल-टोपी गाडीच्या खणात पडून होती म्हणालात. खांद्यावरचा टॉवेल का नाही बांधला, असं मी विचारलं. "ह्यो ऑइलानं मातीच्या रंगाचा झालाय, तुला वरनं दिसला नसता." म्हणजे खाली उभं राहून तुम्ही वरून बघितलं होतंत. मी तुम्हाला असं काही करायला सांगितलं नव्हतं. मग टॉवेल सोडलात, ऊस गुडघ्यावर मोडलात आणि अर्धा माझ्या हातात दिलात. मी रडत होते तिकडे अजिबात लक्ष दिलं नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

त्यानंतर मी बरीच फिरले. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने पठाणकोट, पुढे बसने हिमाचलातल्या बीरला गेले. वर बिलिंगला सुमारे २,४०० मीटरवरून उडायचं आणि खाली बीरला उतरायचं. २०१५ साली तिथे पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप झाला होता. पहिल्या खेपेला ढगांनी उडूच दिलं नाही. खोलीचं भाडं भरून धौलाधारच्या दिशेला बघत बसले आणि परत आले. पूर्वी असं झालं असतं तर ग्लायडर विकून टाकला असता. या वेळी परतीच्या गाडीतच पुढच्या ऑक्टोबरचा विचार सुरू झाला आणि पुढच्या खेपेला उडलेही. तिथे उतरायच्या जागी चांगले विंडसॉक आहेत, शिकवणारी माणसंही नीट आहेत.

वाटेत अशी माणसं भेटत राहिली. पठाणकोटच्या स्टँडवर रात्रभर माझ्या बाचक्यावर नजर ठेवणारा चहावाला, ज्वारीत उतरले म्हणून शिव्या द्यायला धावत आलेली आणि पाणी पाजून गेलेली एक काकू. दुसऱ्याच्या जिवाची काळजी करायला यातल्या कुणालाच सर्टिफिकेट लागलं नाही. ज्यांच्याकडे फ्रेम केलेली सर्टिफिकेटं भिंतभर होती, त्यांच्याकडे एक फडकं नव्हतं. आता हे बोलून झालं, मन मोकळं झालं.

दिवाळीनंतर पुन्हा येतेय. तुमच्यासाठी नवी टॉवेल-टोपी आणि मामींसाठी आमच्या यार्डातली चांगली हळद आणते. तो आहेराचा टॉवेल कुठे गेला म्हणून मामी अजून विचारत असतील, तर आता खरं सांगून टाका. मधल्या सीटवर बाचक्याची जागा धरून ठेवा आणि दोन सीटचं भाडं गुपचूप घ्या. मागच्या वेळेसारखं "पोरीकडनं कसं घ्यायचं" चालायचं नाही.

तुमची,
सांगलीची भाची