स्टीलचे रिव्हेट का नकोत

ती. बाबांना सा. न.

परवा फोनवर दादा म्हणाला, "विमानाचे पत्रे जोडणारे जुने रिव्हेट काढतेच आहेस तर स्टीलचे ठोक, जन्मात ढिले व्हायचे नाहीत." तुम्ही काही बोलला नाहीत, पण पटलं असावं असं वाटलं. फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहिते.

विमान 1946 चं, सेस्ना 140. जेमतेम दोन माणसांचं. पंखांवर कापड ताणलेलं, धड मात्र ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं. शेपटीकडे काही रिव्हेटांमागे काळे ओघळ दिसले. रिव्हेट ढिला झाला की हादऱ्यांनी भोकात घासत राहतो, काळी भुकटी सुटते आणि उडताना वारा ती मागे ओढत नेतो. असा रिव्हेट ठेवायचाच नाही.

पण काढण्याआधी तो कोणता हे कळायला हवं. रंग खरवडून भिंगातून पाहिलं, तर डोक्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा खळगा. म्हणजे एडी जातीचा, 2117 या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा. डोकं कोरं असतं तर जवळपास शुद्ध ॲल्युमिनियम, ताकद एडीच्या साधारण तिसरा हिस्सा. डोक्यावर दोन उठावदार रेघा असल्या तर 2024 या मिश्रधातूचा. तो तापवून पाण्यात विझवतात आणि ठोकेपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवतात, नाहीतर बाहेर आपोआप कडक होत जातो. नव्या रिव्हेटांच्या सोनेरी रंगावर जाऊ नये, तो नुसता वरचा लेप. खूण तेवढी खरी.

आता स्टीलचं. ॲल्युमिनियमला स्टील चिकटून ओल आली, की गंज खातो तो ॲल्युमिनियमला, म्हणजे आपल्या पत्र्याला. शिवाय ठोकताना दांडा फुगून भोक गच्च भरायला हवा. धातू जितका कडक, तितके घाव जास्त. पातळ पत्रा त्यात ताणला जातो, भोकाच्या कडेला भेग पडू शकते. जोडावर नको तेवढा जोर आलाच, तर रिव्हेट कातरला गेलेला परवडतो, पत्रा फाटलेला नाही. म्हणून एडीच्या जागी एडीच.

डोक्याचा आकार हा माझा हट्टाचा विषय. जुनी डोकी रुंद आणि बसकी, ब्रेझियर म्हणतात त्यांना. आज त्यांच्या जागी एमएस20470 हे युनिव्हर्सल डोकं चालतं, ताकदीत कमी नाही. तरी बाहेरून दिसतं तिथे मला ब्रेझियरच हवं. विमान ज्या हातांनी घडवलं त्यांची ओळख त्या डोक्यांच्या रांगांत आहे. आतल्या बाजूला युनिव्हर्सल खुशाल.

लांबीचा हिशोब तुम्हाला आवडेल. दोन्ही पत्र्यांची मिळून जाडी, अधिक रिव्हेटच्या व्यासाची दीडपट. पत्रे मिळून 1/16 इंच, रिव्हेट 1/8 इंचाचा, तर लांबी 1/4 इंच. नावही त्यावरूनच, एडी4-4: पहिला चार बत्तिसांशात व्यास, दुसरा चार सोळांशात लांबी. ठोकल्यावर मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि व्यासाच्या निम्मं उंच यायला हवं.

खरी पंचाईत भोक लांबट झालं असेल तर. मग पुढच्या मापाचा, 5/32 चा, रिव्हेट घ्यावा लागतो. पण भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत किमान दोन व्यास जागा लागते. आधी 1/4 इंचात भागायचं, आता 5/16 लागणार. जुन्या कारागिरांनी कडेला तेवढी जागा सोडलेली असेलच असं नाही. जागा नसली की रिव्हेट बदलून भागत नाही, त्या जोडाच्या दुरुस्तीचाच वेगळा विचार करावा लागतो.

पुढच्या आठवड्यात शेपटीकडचीच एक पट्टी उघडतेय. आतून गंज किती, भोकं किती गोल राहिलीत, ते मोजून कळवते. कडेची मापंही पाठवीन, तुम्ही आणि दादा हिशोब एकदा तपासा.

आईला सा. न., दादाला आशीर्वाद मागितले म्हणून सांगा.

तुमची लेक