बाळूस पत्र: मत नसलेल्यांची निवडणूक

बेळगाव,
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रिय बाळू,

दिवाळीला फोन केला नाही म्हणून शिव्या घातल्या असशील. घाल. तुझाही आला नाही, तेव्हा हिशेब मिटला. तब्येत बरी आहे, शुगर होती तिथंच आहे, हिचा खांदा अधूनमधून धरतो. बाकी चाललंय. आता मुद्द्याचं सांगतो, कारण हे इथं कुणाला सांगितलं तर हसतील, आणि तू हसलास तरी निदान बरोबर ठिकाणी हसशील.

परवा गुरुवारी सकाळी आमच्या फाउंड्रीतला मारुती मोल्डर माझ्या टेबलाशी आला. हातावर वाळू तशीच. पगाराच्या उचलीचं काढेल असं वाटलं. तर म्हणतो, "नंदूअण्णा, कोर्टाचं काय झालं ओ?" मी व्हाउचरवरनं मान वर न काढता म्हटलं, "काय व्हायचंय? पुढची तारीख पडली असेल." तर म्हणाला, "आपलं न्हवं ओ. अमेरिकेचं."

आता तूच सांग, मर्दा. बेळगावात जन्म काढलेल्या माणसानं 'कोर्ट' ऐकल्यावर सीमाप्रश्नाशिवाय दुसरं काय समजायचं? आपली केस २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे आणि हा मला वॉशिंग्टनची विचारतोय!

तुला उद्यमबागेतलं सगळं सांगत बसत नाही, थोडक्यात ऐक. २७ ऑगस्टपासून तिकडं आपल्या मालावर ५० टक्के ड्युटी झाली. आमचं मोठं गिऱ्हाईक ओहायोतलं. त्याचा दोन ओळींचा मेल आला, पुढचे कंटेनर थांबवा, कळवू. मागोमाग रात्रपाळी बंद झाली. मारुतीचा ओव्हरटाइम गेला, आणि त्यावर त्यानं मोटरसायकल घेतलेली. हा माणूस वर्षापूर्वी अमेरिकेचा अध्यक्ष कोण ते सांगू शकला नसता. आता जेवणाच्या सुट्टीत पोरं मोबाईलवर 'तात्या काय म्हणाले' (तात्या म्हणजे ट्रम्प) हे बघतात आणि कुणाला अडलं तर माझ्याकडं पाठवतात. कारण नंदूअण्णांना अमेरिकेचं सगळं ठाऊक असतं, ही माझी ख्याती. तूच लावून दिलेली.

आणि खरंच ठाऊक होतं की! आदल्या रात्री साडेआठला त्या कोर्टातली सुनावणी सुरू झाली. आवाज थेट ऐकवतात, चित्र नाही. मी कानात घालून आडवा झालो ते अकरा वाजून गेले तरी ऐकतोय. हिनं विचारलं, कुणाचं भाषण? म्हटलं, भाषण नाही, त्यांचे न्यायमूर्ती प्रश्न विचारतायत. तिनं पंखा वाढवला आणि कूस बदलली. पण काय प्रश्न होते, बाळू! त्यांचा १९७७ चा आणीबाणीचा कायदा, त्यात आयातीचं नियमन करता येतं असं आहे, पण जकातीचा उल्लेखच नाही. मग अध्यक्षानं एकट्यानं जकात लावायची कशी? सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणाले, कर लावणं हा तर पूर्वापार काँग्रेसचा, म्हणजे त्यांच्या संसदेचा, अधिकार. व्यापाऱ्यांच्या बाजूनं उभा कोण, तर नील कत्याल, आपल्याकडच्याच मुळाचा. देसाई सर असते तर फळ्यावर दोन रकाने आखून सांगितलं असतं.

हे सगळं मी मारुतीला समजावलं. चांगली दहा मिनिटं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे कोर्टात तात्या हरले तर रातपाळी सुरू?"

इथं माझी बोबडी वळली. कारण आमचा अर्धा माल त्या कायद्याखाली येतच नाही. पोलाद-लोखंडावरची ५० टक्के वेगळी आहे, १९६२ च्या दुसऱ्या कायद्याची. तिला या कोर्टाच्या निकालानं धक्काही लागणार नाही. म्हणजे तात्या हरले तरी त्या मालाची पाळी बंदच. हे सांगितल्यावर तो थोडा वेळ माझ्या स्टेपलरकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मग तुम्ही रातभर ऐकलासा कशाला?" टोमणा नव्हता रे. खरंच विचारत होता.

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. कशाला ऐकतो आपण?

त्याच आठवड्यात साडूनं वेगळ्या तोंडानं हेच विचारलं. न्यू जर्सीवाला, ज्याला तू पिंट्याच्या लग्नात 'डॉलरशेठ' म्हणालास आणि जेवणाच्या पंगतीत रामायण झालं, तोच. मंगळवारी त्यांच्याकडं गव्हर्नरची निवडणूक होती. मी ग्रुपवर टाकलं, मतदान केलंत का? उत्तर आलं, नावच नोंदवलेलं नाही, वेळ कुणाला आहे. नागरिक होऊन किती वर्षं झाली, बाळू! मी काही बोललो नाही, नुसता एक अंगठा टाकला, तर त्यालाच राग आला. "तुम्हा इंडियातल्या लोकांना आमच्या निवडणुकीशी काय देणंघेणं? तुम्हाला मत आहे का?" मग ग्रुपवर जे पेटलं ते पेटलंच. एक मेहुणा तात्याभक्त, भाची न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आलेल्या ममदानीवर खूश, आणि वन्संनी मध्येच सुप्रभातचं फूल टाकलं.

'तुम्हाला मत आहे का' हे मात्र लागलं. आणि मग वाटलं, अरे, हा प्रश्न बेळगावच्या मराठी माणसाला विचारतोय हा? आपण जन्मापासून दुसरं काय केलंय?

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर आठव. ५ तारखेला अमेरिकेचं मतदान, २० ला महाराष्ट्राचं. सहाला पहाटेपासून मी पेनसिल्व्हेनियाच्या एकोणीस निर्वाचक मतांवर (राज्यागणिक वाटलेल्या याच मतांवर तिथला अध्यक्ष ठरतो) डोळे लावून, आणि तेविसाला सकाळी आठपासून तसाच कोल्हापूर-सांगलीच्या आकड्यांवर. दोन्हीकडं माझं मत शून्य. आमचे आबा महाराष्ट्रातल्या प्रत्येक निकालाला रेडिओला कान लावून बसायचे, हे तू पाहिलंयस. १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात टाकलं तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं, १९६७ ला बेळगाव तिकडंच ठेवा म्हणणारा महाजन अहवाल आला तेव्हाही नाही. पण मुंबईत कोण बसतो यावर आपलं काहीतरी ठरतं, एवढं त्यांनी मनाशी धरलं होतं. किती मुख्यमंत्री आले नि गेले, आपली फाईल तिथंच. तरी आबा ऐकायचे. आपलं भवितव्य दुसऱ्याच्या मतपेटीत असलं की माणूस त्या पेटीभोवती घुटमळतोच, साडूला हे कसं कळणार? त्याच्या हातात पेटी आहे आणि तो तिच्याकडं फिरकत नाही.

आणि हे फक्त आपलंच नाही. १९८४ साली रेगननं एक नियम केला: परदेशातली जी संस्था गर्भपाताचा सल्लासुद्धा देईल तिला कुटुंबनियोजनाचे अमेरिकी पैसे नाहीत. क्लिंटननं तो काढला, बुशनं लावला, ओबामानं काढला, ट्रम्पनं लावला, बायडननं काढला, यंदा जानेवारीत परत लागला. आफ्रिकेतल्या एखाद्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं विस्कॉन्सिनच्या मतमोजणीकडं बघू नये तर कुठं बघावं? तिच्याच खंडात २००८ ला ओबामा आला तेव्हा केनियानं सार्वजनिक सुट्टी दिली होती. सुट्टीचं कारण तुला पटेल, तू बँकवाला.

पण थांब. हे सगळं मी आता म्हणतोय, ड्युटी लागल्यावर. २००० साली आपल्याला काय ड्युटी होती? खडेबाजारात पिंट्याच्या मामाच्या दुकानात शोकेसमधल्या टीव्हीसमोर आपण का उभे होतो? सकाळी गोरनं फ्लोरिडा जिंकलं म्हणाले, तू नाचलास. मग म्हणे थांबा. दुपारी जेवायच्या वेळी बुश जिंकला, मी नाचलो. तिसऱ्या प्रहरी कुणीच जिंकलेलं नाही आणि गोरनं अभिनंदनाचा फोन करून परत फोनवर माघार घेतलेली. मामा म्हणाले, टीव्ही घेणार आहात का, नाहीतर घरी जा. महिनाभर मतदानाच्या कार्डावरच्या अर्धवट सुटलेल्या कागदी टिकल्या भिंगातून मोजत होते! आणि शेवटी फरक ५३७ मतांचा. आपल्या गल्लीतल्या नगरसेवकाचं मताधिक्य याहून जास्त होतं.

तेव्हा आपण खेळ म्हणूनच बघत होतो आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. ५३८ निर्वाचक मतांपैकी २७० चं गणित, राज्यागणिक रंगणारा नकाशा, आणि तारीख कुणाच्या बापाला हलवता येत नाही. १८४५ पासून नोव्हेंबरातला पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार म्हणजे तोच. आपली महापालिकेची निवडणूक लांबत लांबत २०२१ ला झाली तेव्हा मी हिला म्हटलं होतं, २०२८ ची अमेरिकेची तारीख आत्ता सांगतो, आपल्या वॉर्डाची ब्रह्मदेवालाही विचारू नको.

दुसरं कारण तू तेव्हाच बोलला होतास, मी वाद घातला होता, पण तुझंच बरोबर. इथल्या राजकारणावर आपल्याला मोकळं बोलताच यायचं नाही. तोंड उघडलं की आडनाव, भाषा, गल्ली सगळं मध्ये. १ नोव्हेंबरला आपला काळा दिवस, त्यांचा राज्योत्सव, चौकाचौकात पोलीस, दुकानं अर्धी उघडी अर्धी बंद. आणि त्याच आठवड्यात अमेरिका! बुश-गोरवर तू, मी आणि कानडी गल्लीतला हिरेमठ एका बाकावर बसून भांडायचो आणि चहाचे पैसे तो द्यायचा. दुसऱ्या कुठल्या निवडणुकीवर तिघं एका बाकावर बसलो असतो का?

आता ती सोय गेली. तात्यांमुळं हिरेमठ आणि मी महिनाभर बोलत नव्हतो. कारण विचारू नकोस, तेच टॅरिफ आणि रशियाचं तेल.

एक गंमत तुला मुद्दाम सांगायची होती. २००४ मध्ये लंडनच्या गार्डियननं आपल्या वाचकांना ओहायोतल्या क्लार्क काउंटीमधल्या मतदारांना पत्रं लिहायला सांगितलं होतं, की बाबांनो, विचार करून मत द्या, जगाचा प्रश्न आहे. तू तेव्हा म्हणाला होतास आपणही लिहू, आणि आंतरदेशीय पत्र घेऊन आलास, येड्या! तिथल्या लोकांनी त्या इंग्रजांना असल्या शिव्या दिल्या की पेपरला ते थांबवावं लागलं. २००० ला ती काउंटी गोरकडं होती, २००४ ला बुशकडं गेली. त्याच काउंटीचं मुख्य गाव स्प्रिंगफील्ड, जिथले हैतीचे लोक कुत्री-मांजरं खातात असं तात्या गेल्या वर्षी डिबेटमध्ये सांगत होते. मत नसलेल्यानं नुसतं बघावं, पत्रं पाठवू नयेत, एवढं त्यावरनं मी शिकलो. पण मेल पाठवतोच आहे ओहायोला, दर सोमवारी, 'ऑर्डरबाबत कळवावे'.

बाकी आपलं एक माणूस आत शिरलंय म्हणायचं. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून काँग्रेसवर दोनदा निवडून आले. गावातला दर तिसरा माणूस त्यांच्या वर्गात होता, असं ऐकतो. एप्रिलमध्ये त्यांनी तात्यांवर महाभियोगाचा प्रस्ताव दाखल केला तेव्हा मी कारखान्यात सांगितलं, तर मारुती म्हणाला, "मग आपलाच हाय की, त्यास्नी सांगा पाळीचं." घे!

आपल्या २००० च्या कुंद्याच्या पैजेचा विषय तू काढणारच, म्हणून आधीच लिहितो. गोरला पाच लाखांहून जास्त मतं जास्त पडली हे मान्य, पण पैज 'अध्यक्ष कोण होणार' अशी होती, 'मतं कुणाला जास्त' अशी नव्हती. एक किलो तू लागतोस. पुरोहितांचा.

मारुतीला काय सांगू हे अजून सुचलेलं नाही. तो परत येणार. निकाल कधी लागेल हे कोर्टानं सांगितलेलं नाही, आणि लागला तरी त्याच्या कामाचा किती, हे मला मोजून द्यावं लागेल, आयटम कोडनिहाय. तेच करत बसलोय आज. कुठला माल कुठल्या कायद्याखाली येतो त्याची यादी. मालकांनी सांगितलेलं नाही, मीच करतोय. तुला एक्सेल येतं, पाठवू का?

काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? अस्मिताच्या नोकरीचं कळव. फोंड्याचं घर विकतोयस असं पिंट्या म्हणाला, खरं असेल तर मला विचारल्याशिवाय सही करू नकोस, तुझ्या सह्यांचा अनुभव आहे. डिसेंबरात ये, थंडी आहे.

तुझा,
नंदू

ता.क. पाकीट चिकटवणार इतक्यात साडूचा मेसेज, ग्रुपवर नाही, खासगीत: "पुढच्या नोव्हेंबरातल्या मिडटर्मसाठी नाव कधीपर्यंत नोंदवावं लागतं?" मला विचारतोय! एकवीस दिवस आधी, म्हणून कळवलं.