रविवारच्या श्रवणसत्राची आठवण

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी संध्याकाळी ठीक ६ वाजता, नेहमीच्याच जागी, हँडपॅन ऐकायचं आहे. वादक मनू डेलागो. नाव आपल्याकडचं वाटतं, पण माणूस ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचा, जन्म १९८४चा. हातानं वाजवायचं हे वाद्य म्हणजे दोन कढया तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसं. २००० साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात ते ‘हांग’ नावानं तयार झालं.

सुरुवात आइसलंडची गायिका ब्यर्क हिच्यापासून. ‘बायोफिलिया’ या तिच्या अल्बमच्या (२०११) दौऱ्यात मनू तिच्या साथीला होता. हा भाग लवकर आटपू, कारण खरा वेळ द्यायचाय तो सतारवादक अनुष्का शंकर यांच्या ‘ट्रेसेस ऑफ यू’ या अल्बमला (२०१३, निर्माते नितिन साहनी); त्यातही मनू वाजवतो. हँडपॅनचे स्वर मोजकेच आणि घडवतानाच ठरलेले. सतारीसारखी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, त्यावर निघत नाही. मग सतारीशी त्याचं जमतं कसं? सतारवाल्यांनी तरी नक्की यावं, नंतर वाद घालायला मजा येईल.

वेळ उरला तर मनूची ‘पॅरासोल पीक’ (२०१८) ही फिल्म पाहू. आल्प्स चढता चढता, वाद्यं पाठीवर घेऊन केलेलं वादन आहे ते. २०२१मध्ये तर हा गडी सायकलवरून मैफलींच्या दौऱ्यावर निघाला होता!

कोणाकडे हँडपॅन असेल तर जरूर आणा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच कळवा, चहाचा अंदाज घ्यायचाय.