मनूला, त्या ऑफरबद्दल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सोडून नोकरीची ती ऑफर घ्यायची, यावरून परवा फोनवर आपलं बोलणं झालं आणि तू म्हणालीस, "बाबा, तू तरी कुठे कॉलेज पूर्ण केलं होतंस?" मी गप्प झालो, पण रागावलो नव्हतो. दिवा स्टेशन गेलं होतं, डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि डोंबिवली येईपर्यंत ते उत्तर संपलं नसतं. म्हणून लिहितोय.

१९९९ साली एसवाय बीएस्सी झालो आणि सोडलं. जिकडेतिकडे वायटूके, म्हणजे २००० साल उजाडलं की कॉम्प्युटर तारखा चुकवतील ही धास्ती, चाललेलं. क्लासवाला म्हणाला, एमसीएसई कर, मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट, सहा पेपर, वर्षभरात अमेरिका. विंडोज एनटी ४ चे सहाही पेपर मी पहिल्या फटक्यात काढले, शेवटचा २००० च्या जूनमध्ये. तोवर विंडोज २००० बाजारात येऊन चार महिने झाले होते. त्यात अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ही ऑफिसातले युजर आणि मशीनं सांभाळायची नवी पद्धत आली होती आणि मी घोकलेली पीडीसी-बीडीसीची जुनी पद्धत शिळी झाली होती. तिकडे अमेरिकेत डॉटकॉमवाले आपटत होते. मी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात एका दुकानात पीसी जोडायला लागलो. पगार पाकिटातून, सही कुठेच नाही. ते सर्टिफिकेट कपाटात लाइटबिलांच्या फाइलखाली आहे. २०२१ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने एमसीएसई हा प्रकारच बंद केला.

म्हणून सर्टिफिकेट करू नकोस असं नाही. एडब्ल्यूएसचं, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं, सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट तू जरूर कर. दीडशे डॉलर, ६५ प्रश्न, तीन वर्षांची मुदत. फक्त डम्प, म्हणजे फुटलेले प्रश्न, पाठ करून नको. गेल्या महिन्यात मी एका मुलाचा इंटरव्ह्यू घेतला, नवंकोरं सीसीएनए, नेटवर्किंगचं सर्टिफिकेट. स्लॅश २६ च्या, म्हणजे ६४ पत्त्यांच्या, नेटवर्कमध्ये होस्ट (जोडता येणारी मशीनं) किती विचारलं, तर माझं वाक्य संपायच्या आत "६२". म्हटलं, ६४ का नाही? तर गप्प. दोन पत्ते कुठे गेले, एक नेटवर्कचा आणि एक ब्रॉडकास्टचा, हे त्याला ठाऊकच नव्हतं. वाईट वाटलं, कारण पोरगा हुशार होता. रेड हॅटच्या लिनक्सच्या परीक्षेत पर्याय नसतात, समोर मशीन असतं आणि ते चालवून दाखवायचं असतं. मला विचारशील तर आधी ती कर.

अनुभवाचं म्हणशील, तर २६ जुलै २००५ ची गोष्ट तुला अर्धीच माहितेय. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मी अंधेरीच्या ऑफिसात, यूपीएस तळघरात आणि पाणी जिन्यावर. मी आणि वॉचमनने टॉर्चच्या उजेडात आधी अ‍ॅप्लिकेशन, मग डेटाबेस, शेवटी स्टोरेज, असं एकेक बंद केलं. बॅकअपच्या टेप प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिसऱ्या मजल्यावर नेल्या. इथवर आजी सगळ्यांना सांगते. पुढचं असं की वीज आल्यावर एक डिस्क उठलीच नाही, आणि टेप लावल्या तर त्यावर भलताच, जुना फोल्डर. लॉगमध्ये रोज "बॅकअप सक्सेसफुल" येत होतं. मी एकदाही रिस्टोअर, म्हणजे टेपवरून डेटा परत काढून, पाहिलं नव्हतं. अकाउंट्समधल्या बायकांनी तीन आठवड्यांची बिलं पुन्हा हाताने भरली. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटायची. आजही इंटरव्ह्यूत माझा शेवटचा प्रश्न तोच असतो: रिस्टोअर शेवटचं कधी केलंस?

पण मनू, त्या अनुभवालाही कागद लागतो. २००७ मध्ये मला न्यू जर्सीला पाठवायचं ठरलं होतं. तू वर्षाची होतीस. एच-१बी च्या, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाच्या, हिशेबात कॉलेजच्या एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा अनुभव धरतात. तिकडची पदवी चार वर्षांची, त्यामुळे माझी कॉलेजची दोन वर्षं धरूनही दोन कमी पडत होती, म्हणजे सहा वर्षांचा अनुभव दाखवायचा. काम सात वर्षं केलं होतं, अनुभवाची पत्रं होती चार वर्षांची. लॅमिंग्टन रोडच्या पाकिटांवर कोणाची सही आणणार? माझ्या जागी दुसरा गेला. मीच त्याला व्हीपीएन शिकवलं होतं!

पुढे मॅनेजरच्या जागेसाठी साहेबांनी स्वतः नाव दिलं, तर पोर्टलवर "पदवीचं वर्ष" हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. २०१२ ला मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातलं. तू पहिलीत होतीस. रविवारी अभ्यासकेंद्र, रात्री ओट्यावर पुस्तक, आणि तू विचारायचीस, "बाबा, तुला पण पेपर आहे?" तेहतिसाव्या वर्षी सुरू करून तीन वर्षांत बीए झालो. हो, बीए! सर्व्हर रूममध्ये आजवर एकदाही उपयोगी पडलं नाही. रकाना भरला.

पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरच्या सर्टिफिकेटचा फॉर्म भरताना बघितलं, पदवी असेल तर ३६ महिन्यांचा अनुभव, नसेल तर ६०. सीआयएसएसपी या सिक्युरिटीच्या सर्टिफिकेटला पाच वर्षं लागतात, पदवीचं एक वर्ष वजा. पदवीची किंमत याहून जास्त नाही, असं मीही मानतो. पण दोन वर्षं वाचवायला तुला आता एकच वर्ष द्यायचंय, तेही आई डबा पाठवते, भाडं आम्ही भरतो अशा दिवसांत. माझ्यासारखी नोकरी, ईएमआय आणि पोरीचा अभ्यास सांभाळून नाही.

तू म्हणतेस, नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांवर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. खरं आहे. तीन वर्षांत परतावं लागतं आणि सगळं सात वर्षांत संपवावं लागतं. पण बावीस हजार महिना हातात पडायला लागल्यावर बाकावर परत बसणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

माझं मत: कंपनीवाल्यांना विचार, वर्षभर अर्धवेळ इंटर्न म्हणून घेतील का. तू खरंच हवी असशील तर घेतील. नाही म्हणाले आणि तरी तुला जायचंच असेल, तर मी अडवणार नाही. मात्र पहिल्या महिन्यापासून अपॉइंटमेंट लेटर, सॅलरी स्लिप आणि पीएफचा यूएएन नंबर हवा. "नंतर देऊ" म्हणाले तर तिथूनच परत फीर.

रविवारी इंद्रायणी एक्स्प्रेसने येतोय, कल्याणहून. ऑफर लेटरची प्रिंट काढून ठेव, मोबाइलवर मला दिसत नाही. बाँड किती वर्षांचा आहे आणि नोटीस पीरियड किती, ते आपण दोघं मिळून वाचू. आईने मेतकूट दिलंय.

तुझा,
बाबा